अण्णांचा पहिला सोलो अल्बम : स्टुडिओतल्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

अण्णांच्या अल्बमचं काम आजपासून रीतसर सुरू. आठ गाणी, सगळी मराठी, शब्द आणि चाली त्यांच्याच. वय ७३. सत्तरच्या दशकात मुंबईत बीट ग्रुपांतून गिटार वाजवली, रेल्वेची नोकरी लागल्यावर सोलापूरला आले, रेल्वे कॉलनीत चौघांचा बँड काढला, तो मोडल्यावर ऑर्केस्ट्रात वाजवत राहिले. दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवण्यात उमेद गेली आणि स्वतःच्या नावावर एकही रेकॉर्ड नाही. हे मला अनेक वर्षं सलतंय, म्हणून हा घाट.

पुण्याला जाऊन मोठ्या स्टुडिओत करायचं का, असा विषय निघाला होता. अण्णांनी तो तिथेच संपवला. "दुपारी जेवून स्वतःच्या खाटेवर तासभर पडलो नाही तर संध्याकाळी माझा आवाज लागत नाही." म्हणजे जुळे सोलापुरातली माझीच खोली.

तयारी म्हणून दोघांनी मिळून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर याचा 'लक अँड स्ट्रेंज' हा सोलो अल्बम ऐकला. तो सप्टेंबरमध्ये आला, गिल्मर ७८ वर्षांचा असताना. निर्माता म्हणून त्याने चार्ली अँड्र्यूला घेतलं. पिंक फ्लॉइडच्या नावाने दबून जाणारा हा माणूस नव्हे. इथे सोलो कशाला, सगळी गाणी विरत विरतच का संपतात, असं तो सरळ विचारायचा. मला अण्णांसाठी तेच करायचं आहे. भीड ठेवणार नाही, हे त्यांना आजच सांगून टाकलं. ते खूश झाले.

त्या अल्बमचं शीर्षकगीत २००७ साली गिल्मरच्या घराजवळच्या कोठारात झालेल्या जॅमवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून सहज केलेल्या वादनावर उभं आहे. त्यातला कीबोर्ड फ्लॉइडमधला त्याचा जोडीदार रिचर्ड राइटचा, आणि राइट २००८ मध्ये वारला. हे सांगितल्यावर अण्णांनी गाणं पुन्हा लावायला लावलं. ऐकून झाल्यावर काही बोलले नाहीत, चहा न घेताच घरी गेले.

२३ नोव्हेंबर

खोलीची डागडुजी. १२ बाय १४ फूट, भिंती नागड्या, टाळी वाजवली की खणखणतं. ओळखीच्या कारखान्यातून सदोष म्हणून बाजूला काढलेल्या जाड सोलापुरी चादरी आणल्या आणि भिंतीपासून वीतभर पुढे दुहेरी टांगल्या. खणखण गेली. खालच्या सुरांचा घुमारा मात्र जराही हलला नाही, आणि चादरीने तो हलणारही नव्हता. १०० हर्ट्झच्या सुराची लहर ११ फुटांहून लांब असते, ती कापडातून सहज पलीकडे जाते. चारही कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर उभे केले तेव्हा कुठे बासचा एकेक सूर सुटा ऐकू यायला लागला.

२ डिसेंबर

आवाजाचा दिवस. अण्णा ही गाणी पूर्वी काळी एकमध्ये म्हणायचे. आज त्याच पट्टीत म्हणून पाहिली. तार सप्तकातल्या गंधारापर्यंत पोचतात, पण पोचताना गळ्याच्या शिरा ताणल्या जातात आणि शब्दाचा शेवट सुटतो. ऐकणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडून म्हाताऱ्या माणसाच्या दमाकडे जातं.

पट्टी खाली उतरवायची म्हटलं की जुन्या गायकांना कमीपणा वाटतो. अण्णांनाही वाटला. तासभर गप्प बसले. मग स्वतःच पेटीवर खालची काळी पाच दाबली आणि त्यात पहिला अंतरा म्हटला. त्या क्षणी खोलीतल्या आम्हा तिघांनाही कळलं की हा आवाज आजवर कुणी ऐकलेला नाही. छातीतून येणारा, जरा खरखरीत, प्रत्येक अक्षर जागेवर. ऑर्केस्ट्रात त्यांना असं गायची वेळच आली नसणार, कारण तिथे मूळ गायकाची पट्टी सोडायची मुभा नव्हती.

गिटारची पंचाईत झाली. त्यांची बरीच वादनं मोकळ्या तारांवर उभी आहेत. पट्टी बदलली की मोकळ्या तारा हातून जातात. म्हणून अख्खी गिटारच तीन पडदे खाली लावली. तारा १० गेजच्याच ठेवल्या. ताण कमी झाल्याने त्यांची सुजलेली बोटं दुखत नाहीत, हा मोठाच फायदा. तोटा असा की ढिल्या तारेवर बोट जरा जास्त दाबलं तरी सूर चढतो. घोडीवरची सगळी सॅडल मागेपुढे करून ते बरंचसं आवरलं.

आवाज सुरात ओढणारं सॉफ्टवेअर या अल्बममध्ये कुठेही वापरणार नाही. अण्णा पंचमावर खालून येतात, ती त्यांची बोली आहे. मशीनने तो पंचम जागेवर बसवून पाहिला तर गाणारा दुसराच कुणी वाटला.

माइक : महागडा कंडेन्सर बाजूला ठेवून हातात एसएम-५८ दिला. आयुष्यभर हातात माइक धरून गायलेल्या माणसाला स्टँडसमोर उभं केलं की तो अवघडतो.

९ डिसेंबर

तीन गाण्यांची गिटार झाली. अण्णांची जुनी गिवसन आणि तिच्यापुढे आहुजाचा जुना पीए अॅम्प्लिफायर. त्या काळी गावात गिटारचा अॅम्प कुठला मिळायला? सभेचा अॅम्प्लिफायर हीच सोय होती. पण तो भरपूर वाढवला की जो फाटका, गरम आवाज येतो तो मला कुठल्याही प्लगइनमध्ये सापडलेला नाही. माइक स्पीकरच्या मध्यावर न ठेवता कडेला तिरपा लावला.

१४ डिसेंबर

अण्णा एक कॅसेट घेऊन आले. लेबलवर बॉलपेनने 'रिहर्सल, दिवाळी ८७'. रेल्वे कॉलनीतल्या हॉलमध्ये त्यांच्या बँडने केलेला सराव. शेवटी साडेसहा मिनिटांचं एक वादन आहे, शब्द नाहीत, नाव नाही, ई मायनरमध्ये चौघे वाजवत सुटलेत. ड्रमर काही वर्षांपूर्वी वारला. पूर्व भागातला, घरात तेलुगू, अण्णांचा सख्ख्या भावासारखा मित्र.

"त्या गोऱ्याच्या गाण्यासारखं यावर काही होईल का गं?"

कॅसेट वाजवायला गेले तर डोक्यावर दाब देणारी फेल्टची गादी गळून पडलेली, फितीच्या कडेला बुरशी. काहीही न वाजवता बाजूला ठेवली.

१६ डिसेंबर

कॅसेटचे पाच स्क्रू काढून फीत नव्या खोक्यात बसवली. बुरशी कोरड्या मऊ कपड्याने पुसली. डेकचं हेड आणि रबरी चाक साफ केलं, हेडचं चुंबकत्व उतरवलं. मग खरी किमया : हेडचा कोन. ज्या रेकॉर्डरवर भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असणार. आपल्या डेकचा छोटा स्क्रू फिरवून तोच तिरकेपणा आणला तर वरचे सूर परत येतात. केसभर फिरवला आणि झांजा एकदम उजळल्या. साधी फेरिक टेप, डॉल्बी बंद, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून घेतली.

वादन जबरदस्त आहे. हे मी अण्णांच्या प्रेमापोटी लिहीत नाही. चौथ्या मिनिटाला ड्रम अर्ध्या लयीत उतरतात आणि गिटारला मोकळं रान मिळतं, ती जागा आज कुणी वाजवली तरी अंगावर काटा येईल.

पण टेपचा वेग चुकलेला आहे, आणि तो सारखा बदलतोय. गिटार आजच्या सुराशी जुळत नाही. सुरुवातीला थोडी चढी, शेवटाकडे बरीच चढी. अण्णांना विचारलं. रेकॉर्डर बॅटरीवर होता, कारण हॉलमधला एकुलता प्लग अॅम्प्लिफायरांनी अडवलेला. म्हणजे सेल उतरत गेले, मोटर मंदावली, आणि मंद वेगात भरलेली फीत आज बरोबर वेगाने वाजवली की सूर आणि लय दोन्ही चढतात. अण्णांचं मत वेगळं, त्यांच्या मते दोष ड्रमरचा : "तो पळायचाच गं. कायम पळायचा. यावरून आमची भांडणं व्हायची."

२१ डिसेंबर

वेगाचा उलगडा झाला. सविस्तर लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिला विचार आला तो अॅम्प्लिफायरच्या गुणगुणीचा. टेपवर मागे सतत एक घूं ऐकू येते. आपली वीज ५० हर्ट्झची, अॅम्प्लिफायरची गुणगुण तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झची. टेपवरची गुणगुण मोजायची आणि १०० वर आणायची, झालं. जगभर हेच करतात. मोजली : वादनाच्या सुरुवातीला ९८, शेवटी १००. म्हणजे शेवटचा वेग बरोबर आणि सुरुवात मंद? मग गिटार शेवटी इतकी चढी का? हिशेब जुळेना.

कारण आपल्या विजेतच आहे. ऐंशीच्या दशकात तुटवड्यामुळे ग्रीडची वारंवारिता ५० वर टिकायचीच नाही, ४९ च्या खाली सर्रास उतरायची. पश्चिम ग्रीडमध्ये २००२ पासून वारंवारितेशी बांधलेली दरपद्धत आली तेव्हा ती ताळ्यावर आली. त्यामुळे १९८७ च्या सोलापुरात १०० हर्ट्झ गृहीत धरण्यात अर्थ नव्हता. दुसरा कुठलातरी पक्का सूर हवा होता.

तो कॅसेटमध्येच होता. या मंडळींकडे ट्यूनर नव्हता. अण्णांच्या वडिलांची भजनाची पेटी हॉलवर नेऊन तिच्यावर गिटार लावायचे. वादनाच्या आधी कुणीतरी पांढरी तीन दाबून धरलीय, ई तार लावायला. आणि वादन संपल्यावर, तार उतरली म्हणून असेल, पुन्हा तीच. ती पेटी अण्णांच्या घरी, देवघराच्या खाली, आजही आहे.

आज तिकडे गेले. काकूंना विचारलं, मधल्या काळात पेटीचे सूर कुणी लावले होते का? "भाता फाटला होता, तो शिवून आणला. सुराला कुणी हात लावला नाही, सासऱ्यांची आहे ती." पितळी पत्ती अशी सहजी हलत नाही. पांढरी तीन दाबून मोजली : प्रमाण सुरापेक्षा ८ सेंट खाली (शेजारच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे सेंट). टेपवर आधीची पांढरी तीन ४ सेंट वर, नंतरची ४० सेंट वर. म्हणजे पेटीच्या मानाने फीत सुरुवातीला १२ सेंट चढी, शेवटी ४८. वेगाच्या भाषेत ०.७ टक्के जलद ते २.८ टक्के जलद.

हा भाग वजा केला आणि गुणगुण पुन्हा पाहिली. सुरुवातीला ९७.३. शेवटीही ९७.३. मी खुर्चीतून उठलेच. दोन्ही टोकं जुळली, आणि मधला चढ कसा झाला हे गुणगुणीनेच मिनिटामिनिटाला दाखवलं. त्या संध्याकाळी रेल्वे कॉलनीतली वीज साधारण ४८.७ हर्ट्झवर होती.

२८ डिसेंबर

दुरुस्त केलेली टेप अण्णांना ऐकवली, सोबत लयीचा आलेख. कच्च्या टेपवर ड्रम मिनिटाला ९४ मात्रांवर सुरू होऊन शेवटी १०१ ला पोचत होते. दुरुस्तीनंतर ९३ ते ९८. वाढ ७ ची ५ वर आली. वजा झालेला चढ उतरत्या सेलचा. उरलेला चढ ड्रमरचा, पण तो पळालेला नाही. गिटार सोलोत शिरते तिथे तो दोन मात्रांनी वर जातो आणि तिथेच राहतो, पुढच्या सोलोला पुन्हा दोन. गिटारच्या अंगाने चढलाय.

अण्णांनी आलेखावर बोट ठेवलं. "हे मी चढवलंय. तो माझ्या मागं आलाय." मग बऱ्याच वेळाने : "आणि शिव्या मी त्याला घातल्या."

आमच्या बासवाल्या पोराने सुचवलं, ड्रमरच्या घरी माग होते ना, मागाच्या खटखटीतून त्याचा ठेका आला असेल. अण्णा उखडले. "कशाला काहीतरी जुळवायलास बे? मागाचा काय संबंध? तो लग्नाच्या बँडात साइड ड्रम बडवून शिकला." आणि ते ऐकूही येतं. स्नेअरवर बारीक, दाट, न तुटणारे रोल. पायाचा बेस ड्रम मात्र अगदी कमी आणि घाबरत. मिरवणुकीच्या बँडात बेस ड्रम दुसऱ्याच्या गळ्यात असतो, त्याच्या पायाला ते काम कधी नव्हतंच. आता कुठे काय घालायचं ते कळलं : बेस ड्रमची रिकामी जागा बास गिटारने भरायची, ड्रमला हात लावायचा नाही.

निर्णय : त्याला क्लिकवर, म्हणजे मशीनच्या एकसारख्या ठोक्यांवर, ओढायचं नाही. संगणकातल्या मात्रांच्या रेघाच त्याच्या ठोक्यांवर एकेक करून नेऊन ठेवायच्या, आणि आपण सगळ्यांनी त्याच्या लयीत वाजवायचं.

९ जानेवारी २०२५

सिद्धेश्वर यात्रा तोंडावर. सातही नंदीध्वजांची तयारी चालू, होम मैदानावर गड्डा भरतोय, पाळणे उभे राहिले. अण्णा पांढरी बाराबंदी घालून मिरवणुकीत जाणार, त्यात ते कुणाचं ऐकत नाहीत. रेकॉर्डिंग यात्रेनंतर.

२० जानेवारी

ड्रमरच्या मुलीकडे अण्णा आणि मी गेलो. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याच्या हक्काची मुदत ५० वर्षं आहे, पण इथे प्रश्न कायद्याआधी माणुसकीचा होता. घरच्यांना न विचारता त्याचं वादन विकायला काढणं आम्हाला पटणारं नव्हतं. टेप ऐकवली. तिने बाबांना ड्रमवर कधी ऐकलंच नव्हतं. तिला कळायला लागलं तोवर त्यांनी वाजवणं सोडलेलं. तिने परवानगी दिली आणि एक अट घातली : बाबांचं नाव 'आठवणीत' वगैरे म्हणून नको, वाजवणाऱ्यांच्या यादीत हवं. मानधनाचा आणि पुढच्या रॉयल्टीचा त्यांचा वाटा लिहून दिला, बँडमधल्या बाकी दोघांचाही.

१ फेब्रुवारी

टेपवरचं गाणं उभं राहतंय. पट्टी ई मायनरच, ती बदलता येत नाही. त्यामुळे अण्णांनी चालच खाली बांधली, मंद्र पंचमापासून सुरू होणारी. शब्द त्यांनी यात्रेत लिहिले :

भोंगा कधीच थांबला,
पहाटे डोळा उघडतोच.

गिरण्यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं, हे माझ्या वयाच्या लोकांनी फक्त ऐकलंय. अण्णांनी याहून एकही शब्द जास्त लिहिलेला नाही. दोन ओळी, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जोराने. मी आणखी एक कडवं मागितलं होतं. त्यांनी नाही म्हटलं आणि त्यांचंच खरं होतं. ड्रम बोलत असताना शब्दांची गर्दी नको.

बासवाल्याला सुरुवातीला फार जड गेलं. क्लिकवर वाढलेल्या पिढीचा पोरगा, पुढचा ठोका कुठे पडेल याचा हिशेब करत होता. अण्णांनी त्याला हेडफोन काढायला लावला, टेप स्पीकरवर मोठ्याने लावली आणि बास खाली ठेवून फक्त चालायला सांगितलं, खोलीभर, ड्रमच्या ठेक्यावर. नंतर वाजवलं ते थेट अल्बममध्ये जाईल.

१५ फेब्रुवारी

मिक्सिंग. टेपवरचे ड्रम, गिटार सुटे करावेत का? डिम्यूक्स या वाद्यं वेगळी करणाऱ्या सॉफ्टवेअरने करून पाहिले. बीटल्सच्या 'नाउ अँड देन'साठी लेननचा सत्तरच्या दशकातल्या कॅसेटवरचा आवाज याच जातीच्या तंत्राने पियानोपासून वेगळा काढला आणि गाणं २०२३ मध्ये आलं. १९९५ मध्ये त्यांनीच ते सोडून दिलं होतं. तिथे आवाज मोकळा करणं अटळ होतं. आमच्याकडे स्नेअरचे ते दाट रोल सुटे केले की पाण्यात वाजल्यासारखे होतात, आणि हॉलचा नाद निघून जातो. नको. टेप आहे तशी, मोनो, मधोमध. नवी वाद्यं तिच्या दोन्ही बाजूंना.

एक गोष्ट मात्र वेगाच्या दुरुस्तीने फुकटात दिली. गुणगुण आता पूर्ण वेळ ९७.३ वर स्थिर आहे, त्यामुळे अगदी अरुंद फिल्टरने ती कापता आली. त्याच्या शेजारीच, ९८ हर्ट्झवर, बासचा जी आहे, म्हणजे या गाण्याचा कोमल गंधार. टेपवरचा तो सूर थोडा मेला. नव्या बासने तो भरून काढला.

मोठा वाद शेवटावर झाला. टेपवर वादन संपतं, कुणीतरी हसतं, पेटीची पांढरी तीन सुरू होते. मला हसणं आणि पेटी दोन्ही हवे होते. अण्णांना फक्त वादन हवं होतं : "गाणं संपलं की संपलं. लोकांना आमचा हॉल दाखवायचा नाहीये." मी माघार घेतली. अल्बम त्यांचा आहे, आणि त्यांना कौतुक वादनाचं हवंय, जुन्या दिवसांचं नको.

५ मार्च

ऊन तापायला लागलं. दुपारी पंखा बंद ठेवून गाणं अण्णांना झेपत नाही, म्हणून उरलेले आवाज सकाळी सातला घेतले. सकाळी त्यांचा आवाज अजून खाली लागतो. सहावं गाणं त्यामुळे पुन्हा गायले आणि आधीच्याहून कितीतरी चांगलं झालं.

क्रम ठरला. टेपवरचं गाणं शेवटी ठेवावं असं सगळ्यांचं म्हणणं. मी ते तिसरं ठेवलंय. शेवटी ठेवलं तर ऐकणारा आधीची सात गाणी प्रस्तावना समजेल, आणि ती तशी नाहीत. अण्णांनी आज, या वयात केलेली आहेत. अण्णांनी एकदा ऐकून मान डोलावली.

१२ मार्च

मास्टरिंग. स्ट्रीमिंगवाले साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज कानाला किती मोठा लागतो याचं माप) सगळ्यांचा आवाज सारखा करतात, त्यामुळे कोंबून मोठा करण्यात काही हशील नाही. गाण्यांतले चढउतार राहू दिले. तिसऱ्या गाण्यात ड्रम अर्ध्या लयीत उतरतात तिथे आवाज खरोखर खाली जातो आणि गिटार आली की भिंत हलते.

१८ मार्च

फोनवर, रिक्षाच्या स्पीकरवर आणि काकूंच्या टेपरेकॉर्डरवर आठही गाणी वाजवून पाहिली. फोनवर तिसऱ्या गाण्यातला बास जात होता. त्याच्या वरच्या सुरांना किंचित धार दिली, आता ऐकू येतो. श्रेयनामावली ड्रमरच्या मुलीला वाचून दाखवली. वडिलांचं आडनाव ती तेलुगू उच्चाराप्रमाणे लिहिते, तसं बदललं. फाइल आज संध्याकाळी पाठवल्या. अण्णांनी नव्या दोन चाली ऐकवल्या आहेत, दोन्ही खालच्या काळी पाचमध्ये. सोमवारपासून त्या घेऊ.